मूठभर तांदूळ आणि डोंगरातलं चर्च

मागच्या बैठकीत मुठीच्या धान्याचा विषय निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "मूठभर तांदळानं काय होणार?" म्हणून आज आम्ही मिझोरामच्या खेड्यांतल्या प्रेस्बिटेरियन चर्चविषयी सांगणार आहोत.

प्रेस्बिटेरियन हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. यात बिशप नसतो, कारभार पाळक आणि निवडलेले वडील बघतात. ब्रिटनमधल्या वेल्सहून डी. ई. जोन्स १८९७ साली ऐजॉलला आले. १८९९ मध्ये पहिल्या दोन मिझो माणसांनी बाप्तिस्मा घेतला. मग गावोगावी मंडळ्या झाल्या.

सुरुवातीची चर्चं घरांसारखीच, लाकडी खांब, बांबूच्या भिंती, वर गवताचं छप्पर. गवत कुजलं की पुन्हा शाकारायचं. आपल्याकडच्या जुन्या गोठ्यांचंही तसंच असे ना! पुढं पत्रे आले, आता सिमेंट. गावकामाला तिकडे 'ह्नाटलांग' म्हणतात, सगळ्या गावानं मिळून बिनमजुरीचं काम करायचं.

तांदळाची रीत १९१० च्या सुमारास सुरू झाली. भात शिजवताना बाई घरच्यांच्या मापातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. दर जेवणाला, रोज. मग चर्चच्या बाया घरोघर फिरून तो गोळा करतात आणि चर्च तो विकतं. सणाला एकदम वर्गणी मागितली तर गरीब घराला जड जाते. मूठ मात्र कुणालाही देता येते. त्यातून प्रचारकांचे पगार आणि चर्चची कामं चालली, आजही चालतात.

१९६६ चं बंड झालं. १९६७ पासून सैन्यानं खेडी रिकामी करवून माणसं रस्त्याकडेच्या वस्त्यांत नेली, मागं राहिलेली कितीतरी गावं जाळली. चर्च तिथंच राहिलं. नव्या जागी पुन्हा खांब रोवण्यापासून सुरुवात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. तांदूळ बायांचा, गोळा करणाऱ्याही बाया, पण पाळक आणि वडील होण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडेच राहिला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरून एक रिकामा डबा आणावा. धान्याचा हिशोब कोण लिहिणार आणि पैसे कशावर खर्चायचे हे कोण ठरवणार, तेही त्याच दिवशी ठरवू.