हाली आणि कलदार : निजाम राज्यातील चांदीचे कायदेशीर चलन

सोन्याचांदीच्या नाण्यास कायदेशीर चलनाचा दर्जा कोणी द्यावा, हा प्रश्न अमेरिकेच्या युटा राज्याने २०११ साली तसा कायदा केल्याने पुन्हा चर्चेत आला. भारतीय राज्यघटनेने चलन व नाणेपाडणी हा विषय केंद्र सूचीत ठेवला असल्याने आपल्याकडील घटक राज्यास असा कायदा करता येत नाही. परंतु आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव ज्या निजाम राज्यात होते, त्या राज्याचे चांदीचे नाणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वतंत्रपणे चालत होते.

कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखात चांदीचा रुपया एकरूप केला व सोन्याच्या नाण्याचा कायदेशीर चलनाचा दर्जा काढून घेतला. हैदराबादेत सालारजंगांच्या सुधारणांतून अनेक टांकसाळींचा गोंधळ आवरला गेला आणि ‘हाली शिक्का’ स्थिरावला. हाली म्हणजे चालू. १९०३-०४ पासून यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनारचे चित्र आले. सोन्याची अशर्फीही पाडली जाई; तिचे रुपयांतील मोल मात्र सोन्याच्या भावाप्रमाणे बदले.

पुसेगाव पैनगंगेच्या दक्षिणेस. नदीपलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, तेथे इंग्रजी रुपया, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘कलदार’. पलीकडच्या बाजारात कापूस वा जनावर विकणाऱ्याच्या हाती कलदार पडे. सारा मात्र हालीत भरावा लागे. या दोन नाण्यांमधला बट्टा सराफाच्या हिशेबाचा. शेतकऱ्याचा तोटा कायद्यात नव्हे, या मोडीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

शंभर कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, अर्थात सहा कलदारास सात हाली, असा दर पुढे रूढ झाला. तो मनमानी नव्हता. हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम व चांदी हजारी ८१८, कलदार ११.६६ ग्रॅम व चांदी हजारी सुमारे ९१७. सात हालींत सुमारे ६४ ग्रॅम शुद्ध चांदी भरते, सहा कलदारांतही जवळपास तेवढीच. येथवर मोल धातूचे होते.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटले. इंग्रज सरकारने १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, पाठोपाठ हैदराबादनेही. आता दोन्ही नाण्यांतील चांदीचे अंतर जेमतेम चार टक्के उरले. दर मात्र सहास सात असाच चालला. १९१८ पासून निजाम सरकारच्या कागदी नोटाही चालू होत्या व त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी मजकूर असे. म्हणजे नाण्याचे मोल धातूपेक्षा शासनाच्या हुकमावर उभे होते. धातूवादी मंडळी हा टप्पा सहसा विसरतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५० च्या सुमारास भारतीय रुपया आला. सात हालीस सहा रुपये हाच दर बदलीस धरला गेला. हाली शिक्का पूर्णतः रद्द झाला तो १९५९ मध्ये. त्यानंतर घरात राहिलेल्या जुन्या चारमिनारी रुपयाला सराफाच्या काट्यावर त्यातील चांदीचे मोल मिळू शकत होते. न बदललेली नोट मात्र केवळ कागद ठरली.