पॅरिसची वाइन-परीक्षा आणि तीस वर्षांनी मिळालेलं उत्तर

रिसर्च प्रपोझलमध्ये आपण ‘ब्लाइंडिंग’ हा शब्द सहज टाकतो. तो नेमका कशासाठी लागतो आणि कुठे अपुरा पडतो, हे समजायला प्रयोगशाळेबाहेरचं एक उदाहरण घेऊ.

24 मे 1976. पॅरिसमधले ब्रिटिश वाइन-विक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी नऊ फ्रेंच जाणकारांना परीक्षक म्हणून बोलावलं. आधी दहा पांढऱ्या वाइन, मग दहा लाल. प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या. लेबलं झाकलेली, गुण 20 पैकी. पांढऱ्यांत पहिली आली शातो माँटेलेना 1973, लालमध्ये स्टॅग्ज लीप 1973. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या!

आता संशोधकाच्या नजरेनं बघा. लेबल झाकल्यामुळे नावाचा दबदबा गेला, हे चांगलंच. पण पांढऱ्यांचा निकाल लाल वाइन चाखण्याआधीच जाहीर झाला. म्हणजे पुढचे गुण देताना तो परीक्षकांच्या डोक्यात होताच. शिवाय लालमधल्या पहिल्या दोघींतला फरक अगदी निसटता होता.

फ्रेंच बाजूचा आक्षेप मात्र वेगळा होता: कॅलिफोर्नियाची लाल वाइन आत्ता छान लागते, पण मुरल्यावर फ्रेंचच सरस ठरेल. आक्षेपात दम होता. लाल वाइन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात, त्यामुळे तिच्यात तुरट टॅनिन उतरतं आणि ते वर्षानुवर्षं मवाळ होत जातं. पांढरी बनवताना साली सहसा आधीच वेगळ्या करतात, आणि बहुतेक पांढऱ्यांची गंमत ताजेपणातच असते.

2006 मध्ये त्याच लाल वाइन नापा आणि लंडन इथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. पहिली आली रिज माँटे बेलो 1971, जी 1976 मध्ये पाचवी होती!

यातून काय घ्यायचं? आक्षेप टिकला नाही, पण पहिला नंबरही टिकला नाही. आणि 1976 च्या पांढऱ्या वाइन या फेरीत नव्हत्याच, त्यामुळे त्या मुरल्यावर कशा लागतात याबद्दल ही फेरी काहीच सांगत नाही.

तुमच्या प्रपोझलवर कुणी आक्षेप घेतला, की आधी विचारा: हा तपासता येईल का? येत असेल, तर वाद घालू नका. पुढचा प्रयोग तुम्हाला आयता मिळालाय.