धक्काशोषक हिच (फिफ्थ-व्हील ट्रेलरची)

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर मान टेकवून चालणारा प्रवासी ट्रेलर आणि तो ओढणारा ट्रक यांच्यामध्ये रबर किंवा हवेची थैली घालून एकाचे धक्के दुसऱ्याला कमी लागतील अशी केलेली रचना. अमेरिका आणि कॅनडात झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर असा सगळा संसार घेऊन हिंडणारे हे ट्रेलर सर्रास दिसतात. ट्रेलरच्या मानेखाली पिनबॉक्स असतो आणि त्यातून दोन इंच (50.8 मिमी) जाडीची पोलादी किंगपिन खाली येते. ट्रकमधल्या हिचची सपाट ताटली तिचा भार पेलते व जबडा तिला पकडतो. न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरची जोडणीही याच तत्त्वावर चालते. प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत मात्र ओढणारा ट्रक तुलनेने हलका असतो आणि मागचा भार त्याला सहज हलवू शकतो. म्हणून गादीची गरज.

ही कल्पना आजची नाही. डेट्रॉइटचा लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ याने 1914 मध्ये एका गिऱ्हाइकाची बोट वाहण्यासाठी फोर्ड गाडीमागे अर्ध-ट्रेलर जोडला आणि मालवाहतुकीत या पद्धतीचा जम बसू लागला. प्रवासी ट्रेलरला गादी मिळाली ती विमानांमुळे. विमानविद्येतला अग्रणी ग्लेन कर्टिस याने 1920 च्या दशकात फ्लोरिडात ‘एरोकार’ हा ट्रेलर बाजारात आणला. त्याची जोडणी म्हणजे मोटारीच्या मागच्या भागात आडवे ठेवलेले, हवा भरलेले चाक. ट्रेलरची पिन त्याच्या मधोमध बसे आणि धक्के टायरमध्येच जिरत. आजच्या महागड्या एअर-हिचचे मूळ या साध्या युक्तीत आहे.

धक्का येतो कुठून? ट्रेलरचे आस लांब मागे असतात. चाके खड्ड्यातून गेली की ट्रेलर त्या आसांवर डोलतो, मान वरखाली होते आणि त्याबरोबर पिन ट्रकला मागेपुढे हिसके देते. चालकाला पाठीत कोणी सारखे ढोसत असल्यासारखे वाटते. काँक्रीटच्या महामार्गावर हे जास्त जाणवते, कारण तिथे सांधे ठरावीक अंतरावर येतात. सांधे 15 फुटांवर असतील आणि वेग ताशी 60 मैल असेल, तर सेकंदाला जवळजवळ सहा ठोके बसतात. वेग चार-पाच मैलांनी बदलला की हा ताल मोडतो आणि कधी कधी त्रास निम्म्यावर येतो. जुने चालक हे पैसे न खर्चता करतात.

हिसक्याचे दुसरे कारण ‘प्ले’. जबडा आणि पिन यांच्यात फट पडली की ब्रेक मारताना एक ‘खट’ आणि निघताना दुसरा. ट्रेलरचे ब्रेक उशिरा किंवा कमी लागत असतील तर हीच तक्रार वाढते, कारण थांबताना ट्रेलर ट्रकवर येऊन आदळतो. अशा वेळी गादी बसवणे म्हणजे दुखणे झाकणे. आधी जबड्यातला प्ले काढावा, ट्रेलरचे ब्रेक जुळवावेत. त्यानंतर उरेल तेवढ्याच धक्क्यासाठी गादीचा खर्च करावा.

गादी पिनबॉक्समध्ये बसवता येते तशी ट्रकमधल्या हिचमध्येही. पिनबॉक्समधली पद्धत जास्त चालते. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे या धंद्याचे माहेरघर. तिथल्या मॉरराइड कंपनीच्या पिनबॉक्समध्ये रबराचे ठोकळे कातरताणाने काम करतात, म्हणजे दाबले न जाता तिरके ताणले जातात. लिपर्टचा रोटा-फ्लेक्स रबराच्या पिळावर मागेपुढे हलतो, त्यामुळे हिसक्यावर चांगला चालतो, वरखाली उसळीवर तेवढा नाही. जेन-वायच्या पिनबॉक्समध्येही पीळ खाणारे रबरच असते, पण ते पिनवरच्या भारानुसार वेगवेगळ्या ताकदीचे घ्यावे लागते. हवेच्या पिनबॉक्समध्ये थैली आणि तिच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बर असतो. शॉकॲब्सॉर्बर नसेल तर थैली धक्का घेते, पण नंतर झुलत राहते. रीस कंपनीचा गूज बॉक्स याच जातीचा, फक्त तो जबड्याऐवजी हौद्यातल्या 2 पूर्णांक 5/16 इंची बॉलवर बसतो आणि हौद्यातली जड हिच वाचते. ट्रकच्या बाजूची एअर-हिच उसळी उत्तम घेते. तिचा दोष वजनाचा. ट्रक जेवढा भार वाहू शकतो, त्यातूनच हे वजन वजा होते.

निवडीची खरी गुरुकिल्ली पिनवरच्या भारात आहे. माहितीपत्रकात छापलेला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो आणि रिकामा ट्रेलर घेऊन कोणी प्रवासाला निघत नाही. सर्वसाधारणपणे भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 15 ते 25 टक्के भाग पिनवर येतो. नेमका आकडा मिळवायचा तर अमेरिकेतल्या ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर दोनदा वजन करावे, एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा एकट्या ट्रकचे. समजा, जोडलेल्या अवस्थेत ट्रकच्या दोन्ही आसांवर 11,500 पौंड भरले आणि एकटा ट्रक 8,900 पौंड निघाला, तर पिनवर 2,600 पौंड, म्हणजे सुमारे 1,180 किलो. ट्रेलरच्या आसांवर 9,900 असतील तर ट्रेलर एकूण 12,500 पौंडांचा आणि पिनचा वाटा सुमारे 21 टक्के. गादी या 2,600 साठी घ्यायची. ‘जास्तीची असलेली बरी’ हा हिशेब इथे उलटतो. 4,000 पौंडांसाठी बनवलेले रबर 2,600 खाली जवळपास हलतच नाही, आणि पैसे मोजून पुन्हा कडक जोडणीच पदरी पडते.

भार सदैव एकच राहील असेही नाही. ‘टॉय-हॉलर’ नावाच्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला मोटारसायकली ठेवायचे गॅरेज असते. ते भरले की पिन हलकी होते आणि रिकामे केले की जड. पाण्याची टाकीही असाच खेळ करते. 60 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 227 किलो, आणि टाकी आसांच्या पुढे आहे की मागे यावर पिनचा भार वाढणार की घटणार हे ठरते. अशा ट्रेलरला हवेची गादी सोयीची, कारण हवा कमीजास्त करता येते. भार फारसा न बदलणाऱ्या ट्रेलरला रबर पुरते आणि त्याच्याकडे रोज पाहावेही लागत नाही.

मापांकडे दुर्लक्ष केले तर काच फुटते. आखूड हौद्याच्या पिकअपमध्ये काटकोनी वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला भिडू शकतो. त्यावर मागे सरकणारी हिच हा उपाय. पुलराइटची सुपरग्लाइड वळताना आपोआप मागे सरकते, पण तिला पिनबॉक्सवर एक विशिष्ट ताटली पक्की करावी लागते. आपल्या गादीच्या पिनबॉक्सला ती ताटली बसते का, हे पैसे देण्याआधीच विचारावे. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचे पोट यांत सुमारे सहा इंच मोकळे हवेत, आणि हवेची थैली पूर्ण बसली तरी काही अंतर उरले पाहिजे. पिनबॉक्स बदलल्याने किंवा हौद्यातल्या बॉलवर बसणारा गूजनेक जोड लावल्याने चासीवरचा ताण वाढू शकतो. काही चासी-उत्पादक अशा बदलानंतर हमी नाकारतात, म्हणून परवानगी लेखी असलेली बरी. शिवाय गादीमुळे ओढण्याची क्षमता तसूभरही वाढत नाही. ट्रक, हिच, पिनबॉक्स आणि टायर यांवरच्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा तोच आपला.

देखभालीत हवेच्या गादीची एक गफलत नेहमीची आहे. लोक दाबमापक पाहतात. पण वरचा भार तोच असेल तर थैलीतला दाब फारसा बदलत नाही. हवा कमी झाली की थैली खाली बसते. ॲरिझोनात हिवाळ्यात दुपारी 25 अंश आणि पहाटे 5 अंश सेल्सिअस असले, तर त्याच हवेचे आकारमान सुमारे सात टक्क्यांनी घटते, म्हणजे गळती नसतानाही थैली थोडी उतरते. म्हणून ट्रेलर जोडल्यावर उत्पादकाने सांगितलेल्या उंचीची खूण पाहावी. रात्रभरात थैली पार बसत असेल तर व्हॉल्व्ह आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. थैली पूर्ण उतरलेली असताना भार रबरी अडथळ्यावर येतो. तेव्हा हळू चालवून जवळच्या पंपावर जाता येते, प्रवास मात्र उरकू नये.

रबराच्या गादीला तडे, फुगवटा किंवा एका बाजूचा झोल पाहायचा. रबरावर खनिज तेलाचे ग्रीस लागू देऊ नये, त्याने ते मऊ पडून फुगते. ग्रीसची जागा जबड्यात आणि ताटलीवर. तिथेही वाळू बसली की ग्रीस घासणीचे काम करते. पिनवर बसणारी प्लॅस्टिकची चकती वापरली तर ताटलीला ग्रीस लागत नाही आणि कपडेही वाचतात, मात्र तिच्या जाडीनंतरही जबडा पिनला पूर्ण पकडतो ना, हे तपासावे लागते.

बोल्ट हा दुर्लक्षित विषय. नवा पिनबॉक्स बसवल्यावर पहिल्या काही शे मैलांत बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. किती ताणायचे ते उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. कसल्यावर नट आणि पत्रा यांवर रंगाची एकच आडवी रेघ ओढून ठेवली की पुढच्या वेळी पाना न लावताही कळते. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. नटाभोवती तांबूस गंजाची पुसट पट्टी दिसली तर आतला भाग हलतो आहे. पिनबॉक्स चासीला जिथे मिळतो तिथल्या वेल्डिंगवरचा रंग केसाएवढ्या रेघेत फुटला असेल तर ट्रेलर पुढे न नेता वेल्डरकडे न्यावा. किंगपिनची जाडी कॅलिपरने मोजावी. झीज एक अष्टमांश इंचाच्या, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरच्या घरात गेली की पिन बदलतात.

जोडणीनंतरची तपासणी मिनिटाभराची असते. पिन जबड्यात न बसता त्याच्या वर राहिली असेल तर लिव्हर बंद दिसूनही ट्रेलर निसटून थेट हौद्याच्या कडांवर पडतो. म्हणून टॉर्चने जबडा पिनमागे बंद झालेला पाहायचा, ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेलेच ठेवून त्याचे ब्रेक लावायचे आणि ट्रक हळूच पुढे ओढून बघायचा. ब्रेकअवे केबल हिचला न बांधता ट्रकच्या पक्क्या भागाला बांधतात, म्हणजे हिचच उखडली तरी केबल ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात.