घरच्या घरी चित्रफीत-संपादन : संगणक निवडताना

तुळशीचे लग्न लागले की वसई-विरार पट्ट्यात लग्नसराईला सुरुवात होते आणि ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. वाडवळ, आगरी, कोळी, सामवेदी अशा सर्वच समाजांत हळदीच्या रात्रीपासून सोहळा रंगतो आणि त्याचा प्रत्येक क्षण कॅमेऱ्यात टिपला जातो. हे चित्रीकरण करणारे अनेक तरुण आता संपादनही घरीच करतात. त्यांच्या जोडीला बोलीभाषेतील गाणी यूट्यूबवर आणणारे हौशी कलावंत आहेत, आणि नायगाव परिसरात मालिकांचे सेट उभे राहू लागल्यापासून या व्यवसायाकडे वळलेली मुलेही आहेत. या साऱ्यांपुढचा पहिला मोठा खर्च असतो तो संगणकाचा.

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘प्रोसेसर कोणता घ्यावा?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की कॅमेऱ्यातून येणारी फाइल कोणत्या प्रकारची आहे? मिनी डीव्ही टेपच्या काळात एका तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी जागा घेई. पण त्यातील प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली असल्याने साधा संगणकही ती निमूटपणे दाखवत असे. आजचे मोबाइल व मिररलेस कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने चित्रण दाबून ठेवतात. त्यात पूर्ण चौकट अधूनमधूनच असते. मधल्या चौकटींत केवळ झालेला बदल नोंदलेला असतो. टाइमलाइनवर कुठेही बोट ठेवले की संगणकाला मागची-पुढची जुळवाजुळव करून ती चौकट नव्याने उभी करावी लागते. महागडे यंत्र घेऊनही चित्र अडखळते, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

ही उकल करण्यासाठी काही चिपमध्ये स्वतंत्र यंत्रणा असते. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधील ‘क्विक सिंक’ ही त्यांपैकी एक. येथे एक सापळा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, खेळांसाठी उत्तम चालतो आणि दुकानदार तो आनंदाने पुढे करतो. संपादकाने मात्र ते थोडे पैसे वाचवू नयेत. विशेषतः दहा-बिट ४:२:२ प्रकारचे एच.२६५ चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मालकांना हा मुद्दा महत्त्वाचा आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अंगभूत ग्राफिक्स ही फाइल उलगडू शकते, तर एनव्हीडियाच्या कार्डांत ती सोय २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. जुन्या यंत्रावर काम निभावायचे असेल तर ‘प्रॉक्सी’चा, म्हणजे हलक्या प्रतींवर संपादन करून शेवटी मूळ फाइल जोडण्याचा मार्ग असतोच. तो वेळखाऊ आहे, पण फुकट आहे.

सॉफ्टवेअरही आधीच ठरवावे. अॅडोबीचे प्रीमियर वर्गणीवर मिळते, आणि ती वर्गणी खर्चाच्या हिशेबात धरायला लोक हमखास विसरतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घरगुती कामाला बरीच पुरते. मात्र तिच्यात काही प्रकारच्या फायलींवर मर्यादा आहेत, म्हणून आपल्या कॅमेऱ्याची फाइल तीत उघडून पाहावी. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर अधिक विसंबते, त्यामुळे ते वापरणाऱ्याने कार्डावर, त्यातही कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीवर, हात सैल सोडावा. ८ जीबी हा व्यवहार्य आरंभ. मुख्य रॅम साध्या एचडी कामासाठी १६ जीबी, फोर-के चित्रणासाठी ३२ जीबी असावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे दर झपाट्याने चढले, तेव्हा आज परवडेल तेवढी घ्यावी आणि मदरबोर्डवर दोन खाचा मोकळ्या ठेवाव्यात. जुन्या कार्यालयीन संगणकांचा बाजार मोहात पाडतो. परंतु विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने विंडोज ११ न चालणारे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

खरी कसोटी साठवणीची. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने होत असेल तर एका तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, की एका लग्नाचे ५४० जीबी झाले. सराईत अशी दहा लग्ने घेणाऱ्याला पाच टीबींहून अधिक जागा हवी. म्हणून विंडोज व सॉफ्टवेअरसाठी एक एनव्हीएमई एसएसडी, चालू कामासाठी दुसरी, आणि संपलेल्या कामासाठी साध्या, मोठ्या हार्ड डिस्क, अशी विभागणी करावी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम या पट्ट्यात काटेकोरपणे पाळायला हवा. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या आणि वसईतील अनेक वस्त्या पाण्याखाली होत्या. तळमजल्यावरच्या घरात सगळ्या प्रती एकाच कपाटात ठेवणे म्हणजे पाण्यालाच आमंत्रण. बाहेरची प्रत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मामाकडे ठेवली तरी चालेल. संगणक पुन्हा विकत घेता येतो. मंगलाष्टके पुन्हा होत नाहीत.

विजेचे दुखणे यापेक्षा वेगळे नाही. एक्स्पोर्ट निम्म्यावर असताना दिवे गेले तर ते काम पुन्हा करावे लागते, आणि त्याच क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फायलीही बिघडतात. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र पूर्ण भारात त्याहून अधिक वीज ओढू शकते, आणि मग यूपीएस नेमका गरजेच्या वेळी दगा देतो. हजार व्हीए किंवा त्याहून मोठा, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा. एसएमपीएस नामवंत कंपनीचाच असावा. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा नको. जुन्या घरांत अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घेतलेले बरे. अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा धातूचे सांधे खाते. तेथे यंत्र खिडकीखाली ठेवू नये आणि पावसाळ्यात ते दिवसेंदिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवावे.

मॉनिटरविषयी फार बोलण्याची गरज नाही. आयपीएस पॅनल, एसआरजीबी रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा, एवढे पुरे. चकचकीत खेळांच्या मॉनिटरवर हळदीचा पिवळा रंग भलताच खुलतो आणि ग्राहकाच्या टीव्हीवर तो फिका निघतो, ही तक्रार टाळण्यासाठी एवढा खर्च वाजवी आहे. मराठी शीर्षके देणाऱ्यांनी आणखी एक तपासावे. काही सॉफ्टवेअरमध्ये मूळ मांडणी लॅटिन लिपीसाठी असते, त्यामुळे ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. प्रीमियरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय सेटिंगमध्ये निवडावा लागतो. युनिकोड फाँट वापरल्यास बहुतेक कटकट मिटते. पत्रिकेवरचे नाव चुकले तर लोक हसून सोडून देतील, चित्रफितीवरचे नाव चुकले तर पैसे अडकतात.

खरेदीसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा आजही भावाचा अंदाज घेण्याचा हुकमी बाजार आहे. तेथून सुटे भाग घेऊन असेंबल केलेला संगणक तुलनेने स्वस्त पडतो. पण हमी भागागणिक वेगळी असते, आणि बिघडलेले कार्ड घेऊन विरार लोकलच्या गर्दीत पुन्हा ग्रँट रोड गाठणे हा मनस्ताप आहे. काम धंद्याचे असेल तर वसई-विरारमध्येच दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराकडून घेतलेला संगणक दोन-तीन हजारांनी महाग पडला तरी परवडतो, कारण सराईच्या ऐन दिवसांत यंत्र आठवडाभर बंद राहणे त्याहून महाग आहे. काहीही असो, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदलेले जीएसटी बिल घ्यावे. संगणकावर १८ टक्के कर लागतो आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याचा परतावा हिशेबात घेता येतो. कच्च्या बिलावर ना कर मिळतो, ना हमी. यंत्र वाहून आणताना जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात ठेवावे; धक्क्यांनी त्याची खाच तुटू शकते.

पैसे देण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर आपल्याच कॅमेऱ्यातील दहा मिनिटांचे फुटेज न्यावे. दुकानातील तशाच यंत्रावर ते उघडून टाइमलाइनवर मागे-पुढे सरकवून पाहावे, दोन थर एकमेकांवर ठेवावेत, थोडा रंग बदलावा आणि पाच मिनिटांचा भाग एक्स्पोर्ट करून घड्याळ लावावे. दुकानदार कंटाळला तर दुसऱ्या दुकानात जावे.