किण्वापासून ड जीवनसत्त्व : एका पूर्वद्रव्याचा इतिहास आणि औरंगाबाद

बीजसंज्ञा : किण्व (यीस्ट), अर्गोस्टेरॉल, मुडदूस, जनुकीय अभियांत्रिकी, औरंगाबाद

प्रस्तावना :

ड जीवनसत्त्वाच्या इतिहासात व्हिएन्ना, लंडन, गटिंगन आणि विस्कॉन्सिन या स्थळांचा उल्लेख हमखास येतो. नाशिकचा मात्र क्वचितच. मुडदूस हा निकस आहाराचा रोग की उजेडाच्या अभावाचा, असा वाद १९२०च्या सुमारास युरोपात रंगला होता. त्याच काळात हचिसन यांनी नाशिक येथे या रोगाची पाहणी केली. शहा यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला. पडदा पाळणाऱ्या सधन मुसलमान व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत आहार बरा असूनही मुडदूस आढळत होता. याउलट उघड्यावर राबणाऱ्या कष्टकरी बायांची मुले अपुऱ्या अन्नावर वाढूनही त्यापासून बहुतांशी मुक्त होती. रोगाची वाटणी येथे संपत्तीने नव्हे, तर उन्हाने केली होती. भारतीय सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या पुराव्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखात उन्हाचे हे कार्य प्रथम किण्वातील एका द्रव्याकडे आणि पुढे जनुकीय बदल केलेल्या किण्वाकडे कसे सोपविले गेले, याचा मागोवा घेतला आहे.

अर्गोस्टेरॉलचा शोध :

१९२४ साली हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांत ठेवलेल्या अन्नात मुडदूस रोखण्याचा गुण उतरतो, हे दाखविले. किरणांनी नेमके कोणते द्रव्य बदलते, हा पुढचा प्रश्न होता. प्रारंभी कोलेस्टेरॉलवर संशय होता. परंतु पूर्णतः शुद्ध केलेले कोलेस्टेरॉल निष्प्रभ ठरले. गुण त्यातील अत्यल्प भेसळीत होता. १९२७ साली रोझेनहाइम व वेबस्टर यांनी लंडनमध्ये, तर विंडाउस यांनी हेस यांच्यासह केलेल्या कार्यातून अर्गोस्टेरॉल हे पूर्वद्रव्य पुढे आले. विंडाउस यांना १९२८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्गोस्टेरॉल हे द्रव्य नवे नव्हते. तांरे यांनी १८८९ सालीच ते राय धान्यावरील अरगट बुरशीतून वेगळे केले होते. (मराठवाड्यातील शेतकऱ्यास बाजरीवरील अरगट परिचित आहे, ती याच गोत्रातील बुरशी होय.) तथापि उद्योगास लागणारे विपुल अर्गोस्टेरॉल बुरशीयुक्त धान्यातून नव्हे, तर किण्वातून मिळाले. प्राण्यांच्या पेशीपटलात जे कार्य कोलेस्टेरॉल करते, तेच किण्वाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल करते. किरणांनी त्याच्या रेणूतील एक कडे उघडते व उष्णतेने पुनर्रचना होऊन ड-२ जीवनसत्त्व तयार होते.

किण्वात बदल :

मानवी त्वचेत तयार होते ते मात्र ड-३. त्याचे पूर्वद्रव्य ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल असून ते विंडाउस यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली तयार करण्यात आले. रक्तातील पातळी वाढविण्यात व टिकविण्यात ड-३ हे ड-२ पेक्षा अधिक प्रभावी आढळते. बाजारातील बहुतांश ड-३ आजही मेंढीच्या लोकरीतील मेणापासून, म्हणजे लॅनोलिनपासून काढले जाते.

दोन्ही पूर्वद्रव्यांतील भेद केवळ शेपटीचा आहे. अर्गोस्टेरॉलच्या उपशृंखलेत एक मिथिल गट व एक दुहेरी बंध अधिक असतो. पहिला ईआरजी-६ या जनुकाच्या विकराने जोडला जातो, दुसरा ईआरजी-५च्या. ही जनुके निकामी करून, उपशृंखलेतील उरलेला दुहेरी बंध भरून काढणारे प्राणिज विकर (उदाहरणार्थ कोंबडीचे) किण्वात घातल्यास, किण्व अर्गोस्टेरॉलऐवजी ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल तयार करू लागते. १९९६ साली किण्वाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेल्यामुळे अशा कामास गती आली. २००३ साली फ्रेंच संशोधकांनी साध्या कार्बन स्रोतापासून किण्वात हायड्रोकॉर्टिसोन घडवून स्टेरॉइडनिर्मितीचा मार्ग किती दूरवर वळविता येतो, हे दाखविले. अडचण उरते ती किण्वाच्या स्वतःच्या गरजेची : अर्गोस्टेरॉल काढून घेतले की पेशीपटल दुबळे होते आणि वाढ मंदावते.

औरंगाबादचा संदर्भ :

औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) किण्व हा उपरा नाही. वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत बिअरचे उत्पादन दीर्घकाळ चालत आले आहे. वोखार्ट कंपनीने २००३ साली ‘वोसुलिन’ हे मानवी इन्सुलिन बाजारात आणले, ते हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या जातीच्या जनुकबदलित किण्वापासून. कंपनीचे जैवतंत्रज्ञान संकुल याच शहरात उभे राहिले. म्हणजे ड-३ चे पूर्वद्रव्य नव्हे, परंतु परके जनुक घातलेले किण्व मोठ्या टाक्यांत वाढविण्याचे कौशल्य येथे आले. त्याची मर्यादाही येथेच दिसली. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला. किण्वाला ऊन लागत नाही. पाणी मात्र लागते.

शाकाहाराचा प्रश्न :

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या समृद्धीकरण विनियमांनी दूध व खाद्यतेलात घालावयाच्या ड जीवनसत्त्वासाठी वनस्पतिजन्य स्रोताची अट घातली. लोकरीचे ड-३ या अटीत बसत नाही. म्हणून ड-२ किंवा दगडफुलासारख्या शैवाकापासून (लायकेन) मिळणारे महागडे ड-३, एवढेच पर्याय राहतात. शास्त्रीय वर्गीकरणात किण्व ना वनस्पती ना प्राणी. आजवर ते शाकाहारात निमूटपणे सामावले गेले, कारण पाव आणि इडली यांच्याविषयी कोणी विचारले नाही. कोंबडीच्या जनुकाचा क्रम घेऊन वाढलेल्या किण्वाचे द्रव्य दुधाच्या पिशवीत आले, तर त्या पिशवीवर हिरवा ठिपका राहील काय, याचे उत्तर रसायनशास्त्र देत नाही. शेवटच्या शुद्ध रेणूत कोंबडीचा अंशही नसतो.