गॅस संपलाय, भरून घ्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त म्हणजे परवा आलेला पुतण्याचा फोन. "काका, गाडीचा एसी गार करत नाही. गॅरेजवाला म्हणतो गॅस संपलाय, भरून घ्या." हे वाक्य मी पहिल्यांदा २००३ च्या उन्हाळ्यात ऐकलं, आणि ते फार महागात पडलं.

आमचं घर वळसंगला. मे महिन्यात दुपारी बारानंतर अक्कलकोट रोडवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पूर्वी जीपने सोलापूरला जायचं तर आज्जी खिडकीला ओला सोलापुरी टॉवेल लावायची. आम्ही हसायचो. पण माठ, ओला टॉवेल आणि गाडीचा एसी यांचं तत्त्व एकच: द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी उडून जातं, एसीतला गॅस मात्र बंद नळ्यांतच फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागे पुन्हा त्याची वाफ होते. म्हणजे तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय.

अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलला कारखान्यातूनच एसी दिला. तो बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढायचा! त्याआधीची गोष्ट अजून गमतीची. सुरुवातीचे फ्रिज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असल्या विषारी वायूंवर चालत. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारा सीएफसी गॅस शोधला. तोच पुढे आर-१२ म्हणून गाड्यांत आला. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची. एका माणसाच्या हातून किती व्हावं!) १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं की हा सज्जन गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ ला माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ ला आला. नव्या गाड्यांत आर-१३४ए आला.

आता आमच्या अण्णांची गाडी होती १९९४ सालची, आर-१२ वाली. गॅरेजवाल्याकडे सिलिंडर १३४ए चा. जुन्या गाडीला नव्या गॅसचा पाइप बसू नये म्हणून तोंडंच वेगळी केलेली असतात. याने ॲडॅप्टर लावला आणि भरला. एप्रिलमध्ये एकदा, मेमध्ये दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस छान गार.

त्याच महिन्यात आज्जीला सोलापूरच्या दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. घरी आणायचं म्हणून भर दुपारी निघालो, एसी आहे ना या भरवशावर. कुंभारीच्या अलीकडे पट्टा किंचाळला, जळका वास आला, आणि नळीतून गरम हवा. आज्जीची मान कलंडली. लिंबाच्या झाडाखाली तिला निजवलं, अण्णांनी पाण्याच्या बाटलीत स्वतःचा टॉवेल भिजवून तिच्या अंगावर टाकला. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "जीपच बरी होती रे."

कॉम्प्रेसर जाम झाला होता. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा कळलं. आर-१२ सोबतचं खनिज तेल १३४ए मध्ये मिसळत नाही. तेल नळ्यांतच अडकलं, कॉम्प्रेसर कोरडा फिरला. गॅस बदलायचा तर आधी जुनं तेल काढायचं, नवं योग्य तेल घालायचं, ड्रायर बदलायचा. आणि मूळ गळती? ती तशीच होती! सांध्यातली एक रबरी रिंग, काही रुपयांची. मिस्त्रींनी ती नुसत्या साबणाच्या फेसाने शोधली.

त्यांनी तेव्हा शिकवलेलंच मी पुतण्याला सांगितलं. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर पुढचा पंखा बघ, किंवा जाळी धुवून घे (आपल्याकडे ज्वारीच्या मळणीनंतर ती कडब्याच्या भुशाने गच्च भरते). वाराच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघ. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा 'टक' आवाज येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. हे सगळं ठीक असेल तरच गॅसकडे वळ, आणि पाइपच्या सांध्यांवर तेलकट धूळ चिकटलीय का बघ, कारण गॅसबरोबर तेलही झिरपतं. भरण्याआधी व्हॅक्यूम करायला लाव आणि तो टिकतो का ते उभं राहून बघ. कुठला गॅस, किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. अंदाजपंचे भरू देऊ नकोस, जास्त झाला तरी गारवा कमीच होतो.

काल रात्री त्याचा पुन्हा फोन. कंडेन्सरच्या खालच्या सांध्याला काळा तेलकट डाग सापडला. रिंग बदलली, व्हॅक्यूम अर्धा तास टिकला, मग गॅस भरला. रविवारी तो आईला घेऊन वळसंगला येतोय. टॉवेल घेऊन ये म्हटलंय, तरीही.