राम न म्हणता रामायण

वालचंदनगरहून नीरेच्या काठाने वरच्या अंगाला निघा. वर्षं मागे पडतात तसा कारखाना जातो, ऊस जातो, 1885चा डावा कालवाही जातो. उरतं ते जिराईत रान. सोनगावच्या संगमावर नीरा सोडून कऱ्हा धरा. बारामतीत शिरता तेव्हा साल आहे 1770च्या आसपासचं.

बाबूजी नाइकांच्या आश्रयाला असलेले मोरोपंत पराडकर ओसरीवर लिहीत बसलेत. पन्हाळ्याला पाध्ये गुरूंकडे शिकलेले, आता चाळिशीचे. हातात बोरू, शेजारी दौत. जवळ बसा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा: चरण पुटपुटताना ओठाला ओठ लागत नाही. रामायण चाललंय, पण निरोष्ठ. प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर चालायचं नाही. सीता येते, कैकेयी येते. लक्ष्मण नाही, भरत नाही, आणि खुद्द रामही नाही. कथा त्याची, नि त्याचंच नाव घ्यायचं नाही! चरण बसतो, पंत पुन्हा म्हणून बघतात, शेवटी कुठल्याशा प्रत्ययात 'म' निघतो आणि अख्खी ओळ जाते.

याला कुणी शब्दांची कसरत म्हणतात. मला ती तालीम वाटते. याच हाताने व्यासांचं महाभारत मराठीत आर्या वृत्तात आणलं, कीर्तनकारांनी त्या आर्या गावोगाव नेल्या, आणि पोथी कधी हाती न धरलेल्या बायाबापड्यांचे डोळे कर्णासाठी भरून आले. एवढं मोठं काम आपल्या भाषेत फार थोड्यांनी केलं.

आता पेढीकडे या. नाइक सावकार आहेत, पेशव्यांचे सोयरे आणि धनकोही. कागद, दिव्याचं तेल, पंतांचा शिधा हे सगळं या घरच्या पैशावर चालतं, आणि त्या पैशात व्याज आहे, वसूल आहे. श्रावणात पुण्याला विद्वानांना दक्षिणा वाटतात, ती ब्राह्मणांनाच. वेशीबाहेरच्या महाराला तर या ओसरीची पायरीही चढता येत नाही. आर्या मला फार प्रिय आहेत, म्हणूनच ही बाजू न बघता इथून परतू नये असं वाटतं.

पेढीसमोर एक कुणबी बसलाय. त्याच्याशी बोला. कर्णाची गोष्ट तो न अडखळता सांगतो, कीर्तनात ऐकलेली. समोरचं कर्जखत मात्र कारकुनाने वाचून दाखवलं तेवढंच त्याला ठाऊक. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करतो.